मशीन पसंत पडत नाई

बस गा बापू, बस. ऊन उतरू दे, मंग जा. नागपूरच्या एवढ्या तापत्यात वाडीच्या रोडवर ट्रकवालेही सावली धरून बसले, अन् तू काहून घाई करून राहिला? पाणी पी. तोवर तुले एक गोठ सांगतो — प्रेमाची. हासू नको! शाळेची पायरी धड न चढलेला टेम्पोवाला प्रेमाचं काय सांगन, असं वाटते तुले. पण हे प्रेम माह्याच टेम्पोत, छोट्या हत्तीत बसून आलं, माह्या बाजूच्या सीटवर, मांडीवर डब्बा धरून. मी नाई सांगणार तं कोण सांगन?

आमच्या गल्लीतले नत्थूजी. त्यायच्या घरामागं मोठं आंगण — एक कडुनिंब, एक पाण्याची टाकी, बाकी सारी मोकळी जागा. मॅच असली की सारी गल्ली तठी गोळा. घरातला टीव्ही काढाचा, स्टुलावर ठेवाचा, सतरंज्या टाकाच्या. पुढं बसणाऱ्याले मॅच दिसे, मागच्याले पुढच्याचं टक्कल. गेल्या वर्षी त्याच्यावरून असं भांडण झालं की मॅच कोण जिंकलं हे साऱ्यायले दुसऱ्या दिवशी पेपरात समजलं. म्हून यंदा ठरलं — प्रोजेक्टर घेऊ. मोठा पडदा, आंगणात थेटर! अन् घ्याचा कोणता, हे कोण ठरवन? तं नत्थूजीचा ऋषिकेश. कोर्टात बाबू, शिकलेला पोरगा, स्वभावानं गाय. गल्ली म्हणे, "ऋषीभाऊ, फायनलच्या आधी मशीन पाहिजे बरं." ऋषी म्हणे, "हाव, त्यात काय!"

त्यात काय... बापा बापा.

वाडीतल्या ज्या गोदामाचा माल मी वाहतो, तठी लाईट, साऊंड अन् ह्याच मशिनी विकतात. मालकाचा नियम असा — उघड्या जागेवरची मशीन दुकानात दाखवून विकाची नाई. जागेवर नेऊन लावाची, अन् पसंत नाई पडली तं तशीच परत आणाची. हे काम दिपालीचं. काटोलची पोरगी, वाडीत खोली घेऊन राहे. बोलाले तिखट, हाताले सफाई. मशीनचा डब्बा कधी मागं ठेवू देत नसे. "काका, खड्डे तुमचे, काच माही," म्हणे, अन् मांडीवर घेऊन बसे.

पहिल्या दिवशी आम्ही आंगणात गेलो तं ऋषी शिडीवर. पडदा बांधून राहिला होता — एक टोक निंबाले, एक टाकीच्या पाइपाले. पाठ आमच्याकडं. दिपालीनं स्टुलावर मशीन मांडली, वायर जोडली, अन् चालते का म्हून लावून पाहिली... तं कोणती तरी जुनी मॅच ऋषीच्या पाठीवर! पांढरा शर्ट, त्याच्यावर बॉलर पळून राहिला. खांद्यावरून बॉल गेला तो सरळ कमरेखाली.

दिपालीले हासू आवरेना. "हालू नका!"

"काहून? काय आहे? विंचू आहे का?" ऋषी शिडीले चिपकला.

"नाई... पाठीवर बॅटिंग सुरू आहे. चौका गेला आता."

तो वळला. सारा उजेड डोळ्यात. हात आडवा धरून म्हणे, "कोण आहे?"

"मशीनवाली."

त्यानं उतरताना जी पायरी नव्हतीच तिच्यावर पाय ठेवला, अन् पडद्याले धरून धप्पकन खाली. उठला, पँट झटकली, अन् मंग त्यानं तिले पाहिलं. निंबातून तिरपं ऊन येऊन राहिलं होतं, पोरीच्या कपाळावर घाम, केस तोंडावर, हातात वायरचं गुंडाळं... त्याच्यापुढं त्यानं मशीनकडं पाहिलंच नाई, बापू. मी साक्षीदार आहे.

"फिकी दिसते," ऋषी म्हणे. पाहून राहिला होता तिच्याकडं.

"सूर्य तुमचा आहे, मशीन माही. तुमचा बंद करा, माही दिसन."

"कसा बंद करू?"

"मंग थांबा. आपोआप होते तो."

आता नागपूरचा वैशाख. सूर्य काय लवकर जाते! दोघं स्टुलाच्या दोन बाजूले उभे. गरम वारं, पडदा फडफड फडफड, शेजारपाजारचे कूलर घरघर करून राहिले. ऋषी हात खिशात घाले, काढे. ती वायर गुंडाळे, सोडे. शेवटी अंधार पडला तं चित्र असं झकास आलं की नत्थूजी खुर्चीवरून उठले. पण ऋषी म्हणे, "चांगली आहे... पण मॅच सुरू होते तवा उजेड राहते न. याच्याहून मोठी दाखवा... उद्या."

घरून निघताना त्याची माय रुखमाबाई आली, दिपालीले कुंकू लावलं. रुखमाबाईची रीतच आहे — घरून बाईमाणूस रिकाम्या कपाळानं जाऊ देत नाई. गॅसवाल्याची बायको आली तरी लावन.

टेम्पोत दिपालीनं डब्बा मांडीवर घेतला. अमरावती रोड लागला तवा म्हणे, "काका, हा माणूस असाच आहे काय?"

"कसा?"

"मशीन पाहाची तं मशीनवालीले पाहून राहिला."

"तुले कसं समजलं?"

पोरगी खिडकीतून बाहेर पाहाले लागली. कानाचे शेंडे लाल. मी गिअर टाकला.

दुसऱ्या खेपेले आणली ती मोठी मशीन, दोघायनं उचलाची. उजेड असा की निंबावरच्या चिमण्या जाग्या झाल्या. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. थोडा वेळ गेला अन् — फट्! बंद.

"गरम झाली," दिपाली म्हणे. "तापली की स्वतःच बंद होते. थंड झाली की लागते."

मंग काय, घरातला कूलर ओढत आंगणात आणला. माणसं घामानं चिंब, अन् मशीन कूलरपुढं! वरून कूलरचे तुषार काचेवर. पडद्यावर बॅट्समन पोहून राहिला. शेजारची सुभद्राबाई भिंतीवरून ओरडली, "रुखमाबाई, घरजावयाले तरी असं थंड हवेत बसवतात का वं!"

सारे हासले. ऋषी नाई हासला. तो अन् दिपाली काच पुसून राहिले होते. एका काचेले दोन रुमाल, बापू. त्याचा रुमाल इकडं फिरे, तिचा तिकडं... बोटं लागली. दोघायनं हात असे काढले की जसा काही करंट आला.

"ही पण नाई पसंत?" ती हळूच म्हणे.

"बॉल दिसत नाई साफ."

"तुम्हाले बॉलच पाहाचा आहे न?"

"म्हणजे... हाव. बॉल... अन् बाकीचं पण."

"बाकीचं काय?"

"...मैदान."

ती ओठ दाबून हासली. पण मंग एकदम गंभीर झाली. डब्बा बंद करता करता म्हणे, "लवकर पसंत करा, ऋषिकेश. बाबायनं माह्यासाठी एक ठिकाण पाहिलं आहे, तिकडं वरुडकडं. संत्र्याच्या बागा आहेत त्यायच्या. नोकरी सोडावी लागन म्हणतात. मी अजून हो-नाई काई केलं नाई. पण पुढच्या महिन्यात या गोदामात मी असन की नाई, मले माईत नाई."

ऋषीनं खालची वायर उचलली. म्हणे, "वायर राहिली तुमची."

वायर! अरे गाढवा...

त्या दिवसापासून पोरगं फिरते तं फिरतेच. गल्लीच्या या टोकाले जाय, त्या टोकाले जाय. मी टेम्पो धुऊन राहिलो तं माह्यामागं येऊन उभा. "काका, वरुड किती दूर आहे हो?" मी म्हटलं, "टेम्पोनं जाशीन तं जवळ आहे. गप्प बसून राहिला तं लय दूर आहे." समजला. पण समजून उपयोग काय, जीभ हलाले पाहिजे न.

शनिवारी तिसरी मशीन आली. लहानशी, पडद्याच्या अगदी पायथ्याशी ठेवाची. कोणी समोरून गेलं तरी सावली पडत नाई, तापत नाई, संध्याकाळच्या उजेडातही चित्र कसं काचेसारखं. खोट काढाले जागाच नाई. ऋषी बसला, उठला, मागं गेला, पुढं आला.

"हिरवा रंग जास्त वाटते."

"गवत आहे ते."

"आवाज येते थोडा."

"लोकं ओरडून राहिले, छक्का गेला म्हून." दिपाली उभी राहिली. "ऋषिकेश, खरं सांगा. तुम्हाले मॅच आवडते तरी काय?"

"नाई... म्हणजे, आवडाले लागली. हल्ली."

पडद्यावर कोणी आऊट झालं, कोणाले पत्ता नाई.

"उद्या फायनल," ती म्हणे. "उद्या ही मशीन तुमच्या गल्लीची होईन. मंग मले इकडं येवाले कारण राहणार नाई."

"दिपाली, मी—"

अन् तेवढ्यात रुखमाबाई आली! सकाळीच कोराडीच्या देवीले जाऊन आली होती, हातात तिकडचा प्रसाद — नारळ, ब्लाउजपीस, मूठभर तांदूळ. "थांब माय, कुंकू लावते. देवीचा प्रसाद घेऊन जा." मी टेम्पो वळवाले गेलो होतो, पोरीचे दोन्ही हात डब्ब्यात गुंतलेले. आता प्रसाद ठेवाचा कुठं? रुखमाबाईनं तिच्या ओढणीचा समोरचा पदर सोडला, त्याच्यात नारळ टाकला, वर ब्लाउजपीस, वर तांदूळ, अन् टोकं कमरेले खोचून देल्ली. भोळी बाई. मनात काईच नाई.

पण भिंतीवर सुभद्राबाई होती न! तिनं काय पाहिलं? पोराच्या मायनं पोरीले कुंकू लावलं अन् पदरात नारळ-तांदूळ घातले. आपल्याकडं ह्याले काय म्हणतात, सांग तू. ओटी भरली! झालं, पोरगी पक्की! सुभद्राबाईची बहीण देल्ली काटोलले. आम्ही वाडीले पोचाच्या आधी बातमी काटोलले पोचली, बापू. पेट्रोलही लागलं नाई.

रविवारी दुपारी मी नत्थूजीकडं खुर्च्या उतरवून राहिलो होतो, तं दारात एक माणूस. धोतर, टोपी, हातात संत्र्याची थैली. एसटीच्या धुळीनं पांढरा झालेला. म्हणे, "मी ताराचंद. दिपालीचा बाप."

रुखमाबाईनं पाणी देल्लं. त्यानं गिलास हातात घेतला, पण पेला नाई.

"बाई, रागावू नका. आमच्याकडं पोरीची ओटी भराची तं बापाले इचारतात. मले बसस्टँडवर लोकं अभिनंदन करून राहिले, अन् मले पोराचं नाव माईत नाई."

रुखमाबाईचं तोंड उघडंच. "अवमाय! तो तं देवीचा प्रसाद होता वो..."

"प्रसाद?" ताराचंदनं थैली खाली ठेवली. "म्हणजे सोयरीक नाई? मंग आता वरुडवाल्यायले काय सांगू? अन् गावाले? ओटी भरून मोडली, असंच म्हणन न लोक. पोरीच्या नावावर बसन सारं." मंग एकदम थकल्यासारखा म्हणे, "माहीच चूक. पोरगी एकटी ठेवली शहरात. आजच घेऊन जातो. बस झालं काम."

संध्याकाळी मी दिपालीले घेऊन आलो. तिले काईच माईत नाई. टेम्पोतून उतरली तं गल्लीतल्या बाया "या सूनबाई" म्हून राहिल्या. आधी हासली, मंग बाप दिसला... रंगच उतरला पोरीचा. बापानं दोन शब्दात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणे, "येते मी. पण मशीन माह्या भरवशावर बाहेर निघाली आहे. मॅच होईपर्यंत हालणार नाई." अन् गेली पडद्याखाली, वायर जोडाले. मी बॅटरी धरून उभा, म्हून ऐकाले भेटलं. चोरून नाई ऐकलं, ध्यानात ठेव.

ऋषी आला. बसला उकिडवा. म्हणे, "दिपाली... जे झालं ते एका अर्थी बरंच झालं न? आपोआप..."

तिनं वर पाहिलं. असं पाहिलं की मीच बॅटरी दुसरीकडं केली.

"आपोआप? नारळ पडला, अन् तुम्ही खाली झोळी धरून उभे? मले कोणी इचारलं, ऋषिकेश? तुमच्या माय प्रसाद देतात, सुभद्राकाकू लग्न लावतात, बाबा काम सोडवतात. तुम्ही काय करता? हिरवा रंग जास्त म्हणता!"

वारं आलं. पडद्याची दोरी कुरकुरली. ऋषीनं हातातली वायर खाली ठेवली.

"इचारतो मंग," म्हणे. "मले मशीन नको होती. पहिल्या दिवशीची पण चालली असती. तुम्ही उद्या परत याव्या म्हून मी रोज खोट काढत होतो. मले तुम्ही... तू रोज पाहिजे. मॅच असो, नसो. काम करणारी तू, डब्बा मांडीवर घेणारी तू... येशील काय?"

"अन् नाई म्हटलं तं?"

तो उभा राहिला. "तं तुह्या नावावर काई बसणार नाई. ते मी आधी करतो. उत्तर तू मंग दे. देल्लं नाई तरी चालन."

अन् गेला सरळ. साऱ्या गल्लीपुढं, खुर्च्यायच्या मधी. ताराचंदजीच्या पाया पडला. म्हणे, "काकाजी, ओटी झाली नाई. तिच्या हातात मशीनचा डब्बा होता, मायनं प्रसाद पदरात टाकला. चूक आमच्या घरची. उद्या सकाळी मी तुमच्यासंगं काटोलले येतो अन् बसस्टँडवर उभा राहून सांगतो. ज्यायनं अभिनंदन केलं त्या एकेकाले. पण तिचं काम सोडवू नका. तिनं काईच केलं नाई."

भिंतीवरची सुभद्राबाई अजून पुढं वाकली.

ताराचंदजी त्याच्याकडं पाहत राहिले. "एवढं कोणासाठी करतो बाबू? सोयरीक तं नाई म्हणतो."

ऋषी बोलणार, तं मागून दिपाली आली. हात धुळीनं भरलेले. म्हणे, "बाबा, ते खोटं बोलून राहिले. मी पण केलं."

"काय केलं?"

"ही तिसरी मशीन पहिल्याच दिवसापासून गोदामात होती. मले माईत होतं इथं हीच बसते. पण मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम ती तापणारी आणली. बंद पडली म्हणजे अजून एकदा यावं लागन... म्हून."

नत्थूजी कपाळाले हात लावून खाली बसले. "म्हणजे कूलर मी उगाच ओढला!"

असा हशा झाला, बापू! ताराचंदजी हासले नाईत, पण पाण्याचा गिलास त्यायनं मागून घेतला, अन् पेला. मी समजलो.

"मंग हाव म्हणतं का पोरी?" सुभद्राबाई भिंतीवरून. तिले दम कुठं!

दिपाली म्हणे, "काकू, तुम्हाले सांगितलं तं काटोलले आधी समजन. ज्यायनं इचारलं त्यायले सांगीन. पावरप्ले होऊ द्या."

अन् मॅच लागली. सारी गल्ली पडद्याकडं, एक ऋषी सोडून. तो निंबापासून फाटकापर्यंत, फाटकापासून निंबापर्यंत. कोणी आऊट झालं की पोरं उड्या मारत, हा तसाच चालून राहिला. दिपाली मशीनजवळ बसली, एकदाही मान वळवली नाई, पण त्याचे पाय कुठं आहेत हे तिले बरोबर माईत होतं — तो निंबाकडं आला की ती केस कानामागं घे. शेवटी मलेच बोलावलं.

"काका, त्यायले बसा म्हणा. चालत्या माणसाले मी हाव म्हणत नाई."

मी ऋषीले सांगितलं. तो असा घाईनं बसला की मागं पाहिलंच नाई — ताराचंदजीच्या संत्र्याच्या थैलीवर! रस पँटीतून वाहून राहिला, आंगणभर संत्र्याचा वास, अन् हा तसाच बसून. उठाले तयार नाई. न जाणो, उठलो तं पोरगी शब्द फिरवन.

दिपाली हासता हासता डोळे पुसून राहिली. म्हणे, "हाव. हाव म्हटलं न, आता उठा."

मॅच कोण जिंकलं, मले इचारू नको. मशीन चांगली आहे एवढं सांगतो. काटोलले ऋषी गेला दुसऱ्या दिवशी, बसस्टँडवर उभाही राहिला. पोरगी कामावर आहे, ते पक्कं करूनच लग्न ठरलं, साक्षगंध झालं. यावेळी ओटी भरताना तिचे हात मोकळे होते.

आता लग्न आहे, दिवाळीनंतर. परवा दिपाली टेम्पोत बसली. ओढणीचं टोक बोटाले गुंडाळे, सोडे. मले वाटलं, भांडली का काय. मंग म्हणे, "काका, माह्या मायले भाऊ नाई. मांडवात माह्या पाठीशी मामा म्हून तुम्ही उभे राहान काय?"

मी गाडी बाजूले घेतली. धूळ गेली होती डोळ्यात.

पाहा न, मी राहतो पोराच्या गल्लीत, अन् उभा राहणार पोरीकडून. ऋषी म्हणते, "काका, फुटले तुम्ही!" फुटलो तं फुटलो. पण बापू, एक अडचण आहे. मामाले फेटा पाहिजे. मी जिंदगीभर उन्हासाठी डोक्शाले दुपट्टा गुंडाळला, फेटा कधी बांधला नाई. घरी आरशापुढं करून पाहिला, तं सुटून गळ्यात आला. तुले बांधता येते न? मंग त्या दिवशी सकाळी जरा लवकर ये गा... अन् कोणाले सांगू नको.